तिसरी ताटली

आमच्या घरी मांजरे किती, असे कोणी विचारले म्हणजे मी 'दोन' असे उत्तर देत असे. हे उत्तर मी इतक्या वेळा आणि इतक्या ठामपणे दिले होते की, दोन ही संख्या आमच्या घरापुरती एक कायदाच होऊन बसली होती. ताटल्या दोन, पाण्याच्या वाट्या दोन, रात्री दार लावण्यापूर्वी मारायच्या हाकाही दोनच. छत्तीस वर्षे शाळेत काढलेल्या माणसाला पटावरची संख्या निश्चित असली म्हणजे फार बरे वाटते. दोघांची हजेरी झाली की दाराला अडसर घालून मी निश्चिंत मनाने झोपी जाई.

त्या दोघांतील थोरली यमी. २०१० सालच्या दिवाळीत, यमद्वितीयेच्या दिवशी, कोणीतरी आमच्या ओट्यावर तिला सोडून गेले होते. तळहातावर मावेल एवढे ते करड्या पट्ट्यांचे पिलू पाहून सौभाग्यवती म्हणाल्या, "भाऊबिजेला आली आहे. यमी म्हणू या हिला." नाव पडले आणि राहणेही ठरून गेले. पुढे यमी मोठी झाली, शहाणी झाली आणि आमच्या वाईच्या जुन्या घराची धनीण झाली. माजघराच्या खिडकीजवळ एक वेताची आरामखुर्ची आहे. ती माझ्या वडिलांची. तिच्यावर माझे एक जुने उपरणे घडी करून ठेवलेले असे आणि त्या उपरण्यावर यमी बसे. पाहुणेमंडळी आली तरी त्या खुर्चीवर बसण्याचे धाडस कोणी करीत नसे. एकदा एका निवृत्त शिक्षणाधिकाऱ्यांनी ते केले, तेव्हा यमी त्यांच्यासमोर जमिनीवर बसून त्यांच्याकडे एकटक पाहत राहिली. पाचव्या मिनिटाला त्यांनी आपण होऊन जागा बदलली.

दुसरा गुंड्या. हा पांढराशुभ्र बोका नावाप्रमाणे गुंड मुळीच नाही. खाणे आणि खाऊन झाल्यावर झोपणे एवढाच त्याचा जीवनक्रम. त्याच्याविषयी यापेक्षा अधिक लिहिण्यासारखे त्याने अद्याप काही केलेले नाही.

मराठीचा शिक्षक असल्यामुळे शब्दांच्या मुळाशी जाण्याची एक खोड मला आहे. संस्कृतात मांजराला 'मार्जार' म्हणतात. पुसणे, स्वच्छ करणे असा अर्थ असलेल्या 'मृज्' या धातूशी त्याचा संबंध सांगतात. दिवसाकाठी कितीतरी वेळ स्वतःला चाटूनपुसून घेणाऱ्या या प्राण्याला याहून समर्पक नाव शोधून सापडले नसते. आणि आपल्या मराठीने तर मांजराला नपुंसकलिंग देऊन ठेवले आहे. बोका पुल्लिंगी, मांजरी स्त्रीलिंगी. पण नुसते मांजर म्हटले की 'ते'. त्याचे घर, त्याचा धनी, त्याचे नाव काहीच ठरलेले नसावे, असा त्या 'ते' या सर्वनामात एक परकेपणा आहे. आमच्या दारात जे आले ते असेच एक 'ते' होते.

२०२१ सालच्या जुलै महिन्याच्या २२ तारखेस महाबळेश्वरच्या डोंगरात जो पाऊस झाला, तसा म्हाताऱ्याकोताऱ्यांनाही आठवत नव्हता. चोवीस तासांत जवळजवळ सहाशे मिलिमीटर पावसाची नोंद झाली. डोंगरावर पडलेले पाणी खाली येणारच. कृष्णामाई घाटाच्या पायऱ्या गिळीत वर चढली. रात्रभर कौलांवर पावसाचा ताशा वाजत होता. पहाटे केव्हातरी त्या आवाजातून एक बारीक, चिरका स्वर ऐकू येऊ लागला. दार उघडून पाहतो तो ओट्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या मागे, एक मांजर! अंगाला केस चिकटून गेलेले, बरगड्या मोजून घ्याव्यात अशा, एका कानाचा लचका तुटलेला आणि पुढचा एक पाय उचलून धरलेला. भिजलेल्या मांजरासारखा चेहरा हा वाक्प्रचार मी वर्गात किती वेळा वापरला असेल. त्याचा अर्थ मला त्या पहाटे कळला.

आता जे घडले ते मी जसेच्या तसे सांगतो. मला अतिशय दया आली. दया आली म्हणजे माणूस घाई करतो. मी त्या मांजराला उचलले, तसाच माजघरात आलो आणि अंग पुसायला काही हाती लागते का ते पाहू लागलो. समोर वेताच्या खुर्चीवर उपरणे होते. ते ओढून घेऊन मी मांजर खसाखसा पुसले, त्याच उपरण्यात गुंडाळले आणि त्याच खुर्चीवर ठेवले. मग स्वयंपाकघरात जाऊन यमीची ताटली आणली, तिच्यात दूधभात कालवला आणि पाहुण्यापुढे ठेवला.

सौभाग्यवती दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, त्या दोघांना तरी विचारा आधी."

मी हसलो. मांजरांना काय विचारायचे! घर माझे, दूध माझे, उपरणे माझे. शिवाय एवढ्या पावसात आलेल्या जिवाला हाकलायचे का? असे काहीतरी मी बोललो असेन. मला त्या क्षणी स्वतःविषयी फार चांगले वाटत होते, एवढे मात्र आठवते.

यमी माळ्यावरून उतरली तेव्हा पाहुण्याचे जेवण चालले होते. ती माजघराच्या उंबऱ्यावर थबकली. तिच्या पाठीचे केस उभे राहिले, शेपूट फुगून बाटली धुण्याच्या कुंच्यासारखी झाली. मला वाटले, आता युद्ध होणार. गुंड्याने तोंडदेखले फिस्कारून घेतलेच. पण ताटलीत थोडा भात उरला आहे असे दिसताच त्याचा आवेश ओसरला. यमीने मात्र आवाजदेखील केला नाही. तिने खुर्चीकडे पाहिले, ताटलीकडे पाहिले, शेवटी माझ्याकडे पाहिले आणि आल्या पावली ती माळ्यावर निघून गेली.

त्या दिवशी ती जेवली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी माळ्याच्या शिडीवर चढून तिच्यासमोर वाटी धरली, तर तिने माझ्या हाताचा वास घेतला आणि मान फिरवली. अकरा वर्षांत असे कधी झाले नव्हते. "रुसली आहे, येईल," असे मी म्हणालो. तिसऱ्या दिवशी सकाळी माळ्यावर पाहिले तर तेथे कोणी नव्हते. परसदारची झडप उघडी होती.

पुढचे चार दिवस कसे गेले ते सांगणे कठीण आहे. पाऊस थांबला होता; पण गल्लीबोळांत चिखल होता आणि पडक्या भिंतींच्या आडोशाला नाना प्रकारची घाण वाहून आली होती. हातात ताटली आणि विजेरी घेऊन मी रात्री आळीआळीतून "यमी, यमी" अशा हाका मारीत हिंडत होतो. ज्या गावात मुख्याध्यापक म्हणून मी कधी वाजवीपेक्षा मोठ्याने बोललो नव्हतो, त्या गावात! माझे जुने विद्यार्थी, आता चाळिशीपन्नाशीचे झालेले, खिडक्या उघडून विचारीत, "सर, काय हरवले?" मी मांजर म्हणालो की काही हसू दाबीत, काही चपला घालून माझ्याबरोबर निघत. घरी परत यावे तर सौभाग्यवती ओट्यावर बसलेल्या. त्यांनी मला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरे वाटले असते.

आणि ज्याच्यासाठी हे सारे झाले ते मांजर? ते खुर्चीवरून केव्हाच उतरले होते. उतरले कसले, तेथे ते राहिलेच नव्हते. पहिल्या दिवशी पोट भरताच ते धान्याच्या कणगीमागे जाऊन दडून बसले होते आणि कोणाची चाहूल लागली की आणखी आत सरकत होते. त्याला खुर्ची नकोच होती. ती देण्याची हौस माझी होती.

पाचव्या दिवशी सकाळी शेजारच्या वकीलकाकांच्या रिकाम्या गोठ्यात, कडब्याच्या पेंढ्यांवर यमी सापडली. उचलली तर हाताला वजनच लागेना. तिला टोपलीत घालून मी तडक दवाखाना गाठला. आणि जाणारच आहे तर तो नवा प्राणीही दाखवून आणू, म्हणून दुसऱ्या पिशवीत कणगीमागचे मांजर घेतले. हा माझा दुसरा मूर्खपणा. वाटेत दोन्हीकडून जे काही ऐकू येत होते, त्याला कोणत्याही भाषेत शब्द नाहीत.

तेथील पशुवैद्य तरुण होते, नुकतेच बदलून आलेले. त्यांनी आधी यमीला तपासले. एवढे दिवस उपाशी राहणे मांजराच्या यकृताला फार धोक्याचे असते, आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होते, असे ते म्हणाले. सलाईन लावले, औषध दिले. मग नवे मांजर टेबलावर घेतले आणि माझ्याकडे न पाहताच म्हणाले, "ही मादी आहे."

"पाहिल्याबरोबर कसे कळले?" मी विचारले.

"रंगावरून. पांढऱ्यावर तांबडे आणि काळे ठिपके आहेत ना? मांजराचा रंग तांबडा व्हायचा की काळा, हे ठरविणारा गुण एक्स या गुणसूत्रावर असतो. बोक्याला ते गुणसूत्र एकच, म्हणून दोहोंपैकी एकच रंग. मादीला दोन, म्हणून तिच्या अंगावर दोन्ही दिसू शकतात. तिरंगी बोका सापडतो, पण अगदी क्वचित."

अशा रीतीने ते मांजर 'ती' झाले. तिचे वय सुमारे दीड वर्ष. कानांत किडे, पायाला जखम, पोटात जंत. सारे ऐकून घेऊन मी उजळणी म्हणून घडलेली हकीकत त्यांना सांगितली. उपरणे, खुर्ची, ताटली, सर्व काही. ते ऐकत होते. मग त्यांनी हातमोजे काढले आणि अगदी शांतपणे मला विचारले, "सर, तुमच्या वर्गात वर्षाच्या मध्येच एखादा नवा मुलगा आला, तर त्याला तुम्ही दुसऱ्याची जागा काढून देत होता का?"

त्यांनी सहज विचारले. माझ्या मात्र घशाशी काहीतरी आले. कारण मी तसे केले होते.

ती १९९१ सालची गोष्ट. तेव्हा मी दुसऱ्या एका गावी शिक्षक होतो. ऊसपट्ट्यातले ते गाव. दिवाळीच्या आगेमागे साखर कारखान्यांचे गाळप सुरू झाले की बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येत. माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत आणि पाचसहा महिन्यांनी कारखाने बंद झाले की माळ पुन्हा ओसाड होई. त्या कोप्यांतली मुले सहसा शाळेकडे फिरकत नसत. त्या वर्षी एक बाप मात्र आपल्या मुलाला हाताला धरून घेऊन आला. मुलगा बारा वर्षांचा, सातवीतला, डोळ्यांत विलक्षण हुशारी. मला फार आनंद झाला. मी त्याला वर्गात नेले, मुलांपुढे बंधुभावावर एक लहानसे भाषण केले आणि खिडकीजवळच्या पहिल्या बाकावर बसलेल्या मुलाला म्हणालो, "तू मागे जाऊन बस. ही जागा आता याची."

जूनपासून त्या जागेवर बसणारा मुलगा दप्तर उचलून मागे गेला. तो काही बोलला नाही. शिक्षकांपुढे मुले बोलत नसत. दोन दिवसांनी नव्या मुलाचे दप्तर पटांगणात धुळीत पडलेले दिसले. "कोणी टाकले?" असे मी विचारले. कोणी उत्तर देईना, तेव्हा मी साऱ्या वर्गाला उभे केले. त्यामुळे त्याच्या शत्रूंची संख्या एकाची चाळीस झाली, हे माझ्या लक्षात आले नाही. नवव्या दिवशी तो आला नाही, दहाव्या दिवशीही नाही. आईबापांबरोबर फडात वाढ्याच्या मोळ्या बांधायला जात असेल, या मुलांचे असेच, असे आम्ही शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना म्हणालो. महिनाअखेरीस मी पटावरून त्याचे नाव कमी केले. त्याचे नाव मला आजही आठवते. खिडकीजवळच्या त्या दुसऱ्या मुलाने त्या वर्षी पुन्हा कधी उत्तरासाठी हात वर केला की नाही, हे मात्र मला आठवत नाही. मी पाहिलेच नसावे.

औदार्य माझे होते. जागा दुसऱ्याची होती. तीस वर्षांनी मी तेच केले, आणि या वेळी तर 'कोणी टाकले' असे विचारायलाही समोर वर्ग नव्हता.

पशुवैद्यांना यातले काहीच ठाऊक नव्हते. ते आपल्या कामाचे बोलत होते. त्यांनी जे समजावून सांगितले त्याचा मथितार्थ असा की, आपण जग डोळ्यांनी ओळखतो, तर मांजर ते मुख्यतः नाकाने ओळखते. मांजराच्या गालांवर, कपाळावर आणि पंजांच्या तळव्यांत गंध निर्माण करणाऱ्या ग्रंथी असतात. ते आपल्या पायांना अंग घासते ती केवळ लाडीगोडी नव्हे. 'हे माझे' अशी ती खूण असते. खुर्ची, उंबरा, दाराची चौकट, आमचे पाय, सगळीकडे यमीने अकरा वर्षे आपली सही करून ठेवली होती. मी त्या सहीचे उपरणे घेतले, त्याला दुसऱ्याचा गंध फासला, तो गंध हातांना लावून घेतला आणि तेच हात जेवण घेऊन तिच्यापुढे नेले. तिच्या दृष्टीने घर एका सकाळीत परके झाले होते.

"आणि आणखी एक," ते म्हणाले. "बाहेरच्या मांजराच्या अंगात काय रोग आहे, ते वरून दिसत नाही. काही संसर्ग इतके वाईट असतात की घरातली मांजरे आठ दिवसांत जातात. तुमच्या दोघांना लस टोचलेली आहे का?" सुदैवाने होती. तो जमाखर्च सौभाग्यवतींच्या वहीत असतो.

मग त्यांनी एक कागद घेऊन मला जणू पाठाचे टाचण लिहून दिले. मी ते अजून जपून ठेवले आहे.

नव्या मांजराला पंधरा दिवस वेगळ्या खोलीत ठेवायचे. तिची ताटली, वाटी आणि मातीचे घमेले वेगळे. तिच्याकडून आलो की हात धुवायचे. आधीच्या मांजरांच्या जेवणाच्या वेळा आणि बसण्याच्या जागा यांत एका रेषेचाही फरक करायचा नाही. एका फडक्याने नवीच्या गालांवरून हलकेच पुसून ते फडके जुन्या मांजरांच्या वाटेवर, जरा दूर, टाकून द्यायचे. आणि त्यांचे फडके तिच्या खोलीत. कोणी हुंगले तर ठीक, फिस्कारले तरी ठीक. आपण बोलायचे नाही. मग बंद दाराच्या अलीकडे यांची ताटली, पलीकडे तिची. दाराआडून एकमेकींचा वास येत असताना पोट भरते, एवढे त्यांच्या ध्यानात आले पाहिजे. त्यानंतर जाळीतून दृष्टिभेट, आणि सर्वांत शेवटी प्रत्यक्ष भेट. मोठ्या वयाचे मांजर दूध पचवीलच असे नाही, म्हणून दूधभात बंद. ही शेवटची सूचना ऐकून मला थोडे वाईट वाटले. मांजर आणि दूध यांची ताटातूट केली तर आपल्या किती म्हणी पोरक्या होतील!

मागच्या खोलीतली माझी जुनी पुस्तके हलवून आम्ही तेथे नव्या मांजरीची सोय केली. सौभाग्यवतींनी तिला नाव द्यायचे नाकारले. "नाव दिले की राहिलीच म्हणायची. आधी यमीचे पाहू," असे त्या म्हणाल्या. तोवर तिला हाक मारायला काहीतरी हवे, म्हणून 'पाहुणी' म्हणू लागलो. आमच्या घरात मासळी शिजत नाही. परंतु मांजर हा जातीचाच मांसाहारी प्राणी, तेव्हा आठवड्याच्या बाजारातून सुकट आणून ती परसात वेगळ्या शेगडीवर शिजवायची, ही तोड पूर्वीच निघाली होती. आता ती तीन ताटल्यांत पडू लागली. तिसरी ताटली सौभाग्यवतींनी जुन्या भांड्यांतून शोधून काढली. तिचा काठ जरा चेपलेला आहे.

खुर्चीचा प्रश्न मात्र सहजासहजी सुटला नाही. ती मी धुतली, चार दिवस उन्हात ठेवली आणि तिच्यावर दुसरे उपरणे घातले. यमीने ती हुंगली आणि ती जमिनीवर जाऊन बसली. रात्रीच्या वेळी मी दिवा मालवून तेथेच शेजारी पाट टाकून बसत असे. त्या दिवसांत सहज काही वाचताना मला एक गोष्ट कळली. सायप्रस बेटावर फ्रेंच पुरातत्त्वज्ञांना सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचे एक दफन सापडले; त्याची माहिती २००४ साली प्रसिद्ध झाली. तेथे एका माणसाजवळ, जेमतेम हातभर अंतरावर, एक मांजर पुरलेले होते. त्या बेटावर मांजरे मूळची नव्हेत. म्हणजे त्याच्या पूर्वजांना कोणीतरी होडीत घालून समुद्रापार नेले असले पाहिजे. माणूस शेती करू लागला, धान्य साठवू लागला, धान्यावर उंदीर आले आणि उंदरांमागे रानमांजर आले. त्याला कोणी धरून आणले नव्हते. सगळ्या पाळीव मांजरांचे घराणे अशा एका आगंतुकापाशी जाऊन पोहोचते. यमीला हे सांगून उपयोग नव्हता. तीही कोणी ओट्यावर सोडलेलीच होती. पण अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट ती विसरली असेल तर तो तिचा हक्क होता.

शेवटी माझा एक जुना, विटका, हिवाळ्यात अंगात घालायचा स्वेटर मी न धुता त्या खुर्चीवर ठेवला. तीन रात्री काही झाले नाही. चौथ्या पहाटे उठून पाहतो तो यमी त्या स्वेटरवर झोपलेली! मी सौभाग्यवतींना खुणेनेच बोलावले. आम्ही दोघे माजघराच्या दारात उभे राहून एका मांजराला झोपलेले पाहत होतो. बोलायचे धैर्य कोणालाच होईना.

पुढचे थोडक्यात सांगतो. गुंड्याने दाराआडच्या ताटलीशी सख्य जोडले. ते तत्त्वाचे नव्हते, सुकटीचे होते. दीड महिन्याने पाहुणी अंगाने भरली, तेव्हा तिची शस्त्रक्रिया करून घेतली. पिले अंगावर पीत असतानादेखील मांजरी पुन्हा गाभण राहू शकते. तेव्हा हे न केले असते तर आमच्या पटाचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. मच्छरदाणीची जाळी चौकटीवर ठोकून तिच्याआडून भेटी झाल्या. पहिल्या खऱ्या भेटीत यमीने पाहुणीच्या तोंडावर एक चापट मारली. परंतु नखे आत ओढून घेतलेली होती. पाहुणी मागे सरली आणि पाठ न दाखविता खाली बसली. पशुवैद्यांना ही हकीकत सांगितली तेव्हा ते म्हणाले, "उत्तम! आता त्यांचे त्यांना ठरवू द्या."

त्यांनी ठरविले, पण गोष्टीत ठरते तसे नव्हे. त्या दोघी मैत्रिणी झाल्या नाहीत. एकमेकींना चाटणे, एका अंथरुणात झोपणे, यांतले काही त्यांच्यात नाही. हिवाळ्यात ओट्यावर कोवळे ऊन येते, तेव्हा यमी मधोमध बसते आणि पाहुणी कडेला. दोघींत दीड हाताचे अंतर असते. मी ते एकदा फूटपट्टीने मोजायला गेलो, तर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, पुरे आता! निवृत्त झालात ना?" नाव द्यायचे राहूनच गेले. ती अजून पाहुणीच आहे. आणि पाहुणी म्हटले की परसातून धावत येते.

यमीला आता पंधरावे वर्ष लागले आहे. दात दोनतीन गेले, खुर्चीवर उडी साधत नाही, म्हणून मी खाली एक पाट ठेवला आहे. गेल्या पौषात ती आजारी होती आणि एक रात्र तिला दवाखान्यात ठेवावी लागली. त्या रात्री थंडी फार होती. माजघरात डोकावलो तेव्हा वेताच्या खुर्चीवर, माझ्या त्या विटक्या स्वेटरवर, पाहुणी अंगाचे वेटोळे करून झोपली होती. मी तिला उठविले नाही. सकाळी यमीला टोपलीतून आणून खाली ठेवले. ती हळूहळू चालत खुर्चीपाशी आली आणि पाटावर पाय ठेवून वर पाहू लागली. पाहुणीने डोळे उघडले, एक आळस दिला आणि ती दुसऱ्या बाजूने खाली उतरली. यमी वर चढली, स्वेटर बराच वेळ हुंगत राहिली आणि मग त्या उबेतच बसली.